चालेल ना?

सोमवार, ५ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. लैंगिक अत्याचाराच्या केसेस तपासणाऱ्या सगळ्यांना आता उजळणी वर्ग सक्तीचा झाला आहे म्हणे. डॉक्टर, नर्स, पोलीस, समुपदेशक, सगळे एका वर्गात. शेवटी परीक्षा. "पास झालात की खोली तुमचीच, मॅडम. नाही झालात तर मला ती दुसऱ्या मॅडमना द्यावी लागेल," असं साहेब म्हणाले आणि हसले. मीही हसले. बाहेर आल्यावर मात्र चांगलाच राग आला.

खोली म्हणजे तळमजल्यावरची तपासणीची, एक्स-रे विभागाच्या मागची. ती मी भांडून मिळवली. त्याआधी अशा केसेसमधल्या बायका अपघात विभागात, पाय मोडलेल्यांच्या आणि डोकं फुटलेल्यांच्या मधे बसायच्या. मी वेगळं दार पाडून घेतलं, आत स्वच्छतागृह करून घेतलं, करकर न करणारी खुर्ची मिळेपर्यंत स्टोअरवाल्याला सळो की पळो करून सोडलं. आणि हे मी कुठे बोलून दाखवत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही: इतक्या वर्षांत त्या खोलीत एकाही बाईनं मला तपासणीला "नाही" म्हटलेलं नाही. एकीनंही नाही. आता मला कोण काय शिकवणार?

बुधवार, ७ फेब्रुवारी

वर्गाचा पहिला दिवस. सरकारी इमारतीचा सगळ्यात वरचा मजला. लिफ्ट बंद. वर पोहोचेपर्यंत निम्मे विद्यार्थी धापा टाकत होते, त्यामुळे ओळखपरेड फार छान झाली.

शिकवायला एक बाई आहेत. माझ्याहून बऱ्याच लहान. इतक्या हळू बोलतात की मागच्या रांगेला ऐकूच जात नाही. मी त्यांचं नाव हळूबाई ठेवलं आहे. माझ्या शेजारी एक महिला इन्स्पेक्टर बसल्या होत्या, त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात दोनदा "जरा मोठ्यानं" म्हणून सांगितलं. हळूबाईंनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि त्याच आवाजात पुढे चालू ठेवलं. हट्टी दिसतात.

प्रत्येकानं आपला अनुभव सांगायचा होता. मी थोडक्यात सांगितला आणि शेवटी म्हटलं, की आजवर मला एकही नकार आलेला नाही. इन्स्पेक्टर बाई माझ्याकडे आदरानं पाहत होत्या. हळूबाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्या सिस्टरही वर्गाला आहेत. खोलीत पहिल्यापासून त्याच माझ्याबरोबर असतात. मी बोलत असताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. खोलीतही त्यांची हीच सवय आहे. मी पेशंटशी बोलायला लागले की सिस्टर तिचा हात धरतात आणि बघत बसतात खिडकीकडे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आज नाटक होतं. पेशंटचं काम करायला खरोखरच एक नटी आणली होती. बाकावर चादर घालून तिला झोपवलं आणि एकेकानं जाऊन तपासणीचं सोंग करायचं, प्रत्यक्ष हात न लावता, फक्त बोलून. माझा नंबर तिसरा.

मी नेहमी करते तसंच केलं. आधी ओळख सांगितली. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी काय करणार ते सांगितलं. घाई केली नाही. आवाज मऊ ठेवला. माझं झाल्यावर एका तरुण डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या.

मग हळूबाईंनी नटीला विचारलं, "तुम्हाला कुठे थांबवावंसं वाटलं?"

"सुरुवातीलाच," ती म्हणाली.

"मग तसं म्हणाला का नाहीत?"

"म्हणायला जागाच नव्हती."

मी म्हटलं, "अहो, मी प्रत्येक वेळी विचारलं की!"

हळूबाई उठल्या आणि फळ्यावर माझी वाक्यं लिहायला लागल्या. "आता मी हे बघणार आहे, चालेल ना? जरा इकडे वळणार ना? दुखत नाहीये ना? पुढे जायचं ना?" अख्खा फळा भरला. मग त्यांनी फडकंसुद्धा घेतलं नाही, बोटानंच प्रत्येक वाक्याचा शेवटचा "ना" पुसला आणि तिथे "का" लिहिला. "एवढंच, मॅडम," त्या म्हणाल्या. "ना लावला की उत्तर आधीच ठरलेलं असतं. समोरच्यानं फक्त मान हलवायची."

इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, "आमच्याकडे तर ना पण नसतो. आमचं सरळ असतं, चला!" सगळे हसले. मी नाही हसले.

निकाल: आजची चाचणी जमली नाही. शेवटची परीक्षा पुढच्या शुक्रवारी. त्यात नाही जमलं तर खोली गेली. डॉक्टर होऊन एवढी वर्षं झाली आणि आता मी व्याकरणात नापास होणार.

जिना उतरताना सिस्टरना म्हटलं, "हा सगळा फापटपसारा आहे. तुम्हालाही तसंच वाटतं ना?"

"हो मॅडम," त्या म्हणाल्या. कुणीतरी आहे माझ्या बाजूनं.

शनिवार, १० फेब्रुवारी

लेकीला सांगितलं. वाटलं, चार शब्द बरे बोलेल. ती हसत सुटली. "आई, तू प्रश्न विचारतच नाहीस. तू सही घेतेस!"

मी म्हटलं, "आपण असंच बोलतो सगळे. त्यात काय एवढं?"

"अगं, ना म्हणजे काय? नाही! तू लोकांचा ना स्वतःच बोलून टाकतेस. मग त्यांच्याकडे हो सोडून उरतं काय?"

हिला भाषेचं शिक्षण देऊन चूक केली. पण माझ्याकडे पेशंटचं काम करायला दुसरं कुणी नाही, त्यामुळे तिच्याकडूनच सराव करून घ्यायचा ठरवलं आहे. तिनं अट घातली, प्रत्येक "ना"मागे एक दिवस भांडी मी घासायची. पहिल्या सरावानंतरच माझा पुढचा आठवडा भांड्यांत जाणार असं दिसतंय.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज एक विचित्र प्रकार झाला. सराव म्हणून मी घरातसुद्धा "ना" बंद केला आहे. संध्याकाळी आधण ठेवता ठेवता ह्यांना विचारलं, "चहा घेणार का?"

हे पेपर वाचत होते. "नको," म्हणाले.

मला वाटलं, बरं नसेल. म्हटलं, "काय होतंय?"

"काही नाही गं. संध्याकाळचा चहा मला नकोच असतो. पित्त होतं."

"कधीपासून?"

पेपर खाली न करता म्हणाले, "पहिल्यापासूनच."

"अहो, मग रोज घेता कशाला?"

"तू विचारतेस, घेणार ना? मग घेतो. तू केलेला असतोस."

लेक आतून ओरडली, "बाबा, सही केलीत का?" दोघं मिळून बराच वेळ हसत होते. मीही हसले, पण तो चहा मी एकटीनं प्यायले आणि मला तो काही गोड लागला नाही. रोज संध्याकाळी, दमून घरी आल्यावर, मी हौसेनं करत होते तो चहा. एवढी साधी गोष्ट. तोंडानं सांगायला काय झालं होतं या माणसाला?

बुधवार, १४ फेब्रुवारी

हळूबाईंचा आजचा विषय: गप्प बसणं. पेशंट गप्प असेल तर ते "हो" धरायचं नाही. थांबायचं. किती वेळ थांबायचं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला अवघड वाटायला लागेल, त्याच्याही पुढे." हे काय माप झालं? बाहेर अपघात विभाग तुंबलेला असतो.

शिवाय मला एक कळत नाही. नाही म्हटलं तर नुकसान त्यांचंच आहे. नमुने वेळेत घेतले नाहीत तर नंतर काही सापडत नाही. मी त्यांच्या भल्यासाठीच त्यांना पुढे नेते. हेही मी वर्गात बोलले. इन्स्पेक्टर बाईंनी जोरात मान डोलावली. सिस्टर पुन्हा खिडकीबाहेर. एकदा पाहिलं पाहिजे, त्या खिडकीबाहेर आहे तरी काय.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

पास. एकही "ना" गेला नाही. प्रत्येक वाक्याला "का" लावला, प्रत्येक उत्तराला थांबले. नटी सगळ्याला हो म्हणाली. खरं सांगायचं तर जरा कंटाळा आला.

प्रमाणपत्र देताना हळूबाई म्हणाल्या, "विचारणं जमलं, मॅडम. आता कुणीतरी खरंच नाही म्हणालं की मग बघा." शाबासकी कशी द्यायची हे या बाईंना कुणीतरी शिकवायला हवं.

खोली वाचली. भांडी सोमवारपर्यंत माझ्याकडेच आहेत.

मंगळवार, २० फेब्रुवारी

सकाळी खोलीत एक केस आली. पोलिसांकडून त्याच इन्स्पेक्टर बाई आल्या होत्या, वर्गातल्या. त्या बाहेर बसल्या.

पेशंटबद्दल इथे काही लिहिणार नाही, तसं मी कधीच लिहीत नाही. मोठी मुलगी, स्वतःचं स्वतः ठरवण्याच्या वयाची, एवढं पुरे. रडत नव्हती. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं, ते सारखं उलटं करून ठेवत होती, फोटो दिसू नये म्हणून असेल.

मी सगळं रीतसर विचारलं. "कपडे तपासणीसाठी ठेवून घेऊ का?" हो. "नखांखालचे नमुने घेऊ का?" थोडं थांबून, हो. मग सगळ्यात अवघड तपासणी. काय करणार, कशानं करणार, ती कशासाठी असते, हे सांगितलं. आज केली नाही तर नंतर काही मिळणं कठीण, हेही सांगितलं, एकदाच. नको म्हणालात तरी औषधं आणि उपचार सगळे मिळतील, हेही. मग विचारलं, "करू का?"

ती गप्प. यापूर्वी मी इथे "झालंच आता, हं" म्हणून कामाला लागले असते. आज हातमोजे घालून नुसती उभी राहिले. मला रिकाम्या हातांनी उभं राहायची सवय नाही. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, इन्स्पेक्टर बाई फोनवर बोलत होत्या, तेही ऐकू आलं. मला अवघड वाटायला लागलं. त्याच्याही पुढे थांबले.

"नको," ती म्हणाली.

मी इतकी दचकले की पुन्हा विचारणार होते. जीभ चावली. "बरं," म्हटलं, आणि हातमोजे काढून टाकले. पुढे काय करायचं ते मला सुचेना. ते वर्गात शिकवलं असेल तर माझं लक्ष नव्हतं. शेवटी त्या करकर न करणाऱ्या खुर्चीत बसले. सिस्टर पहिल्यांदाच खिडकीकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

मग त्या मुलीनं मला विचारलं, "आता तुम्ही रागावणार ना?"

मी "नाही" म्हटलं. तिनं माझा चेहरा नीट पाहिला, खरं बोलते आहे का ते तपासत असावी.

"आणि बाहेरच्या मॅडम?"

"त्यांचं मी बघते."

त्यानंतर मात्र ती रडली. बराच वेळ. मग तिनं आपणहून विचारून औषधं समजावून घेतली, कुठली कधी घ्यायची, सगळं.

इन्स्पेक्टर बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "झालं ना?"

"तिनं हो म्हटलं तेवढं झालं."

त्यांचा चेहरा पडला. आवाज न चढवता बोलल्या, ते जास्त लागलं. "मॅडम, उद्या कोर्टात मला विचारतील, बाकीचे नमुने कुठे आहेत. वर्गातलं वर्गात ठीक आहे हो. तुम्ही तर म्हणाला होतात, तुम्हाला कुणी नाही म्हणत नाही."

त्यांचंही चूक नाही. केस कमकुवत झाली तर तोटा त्या मुलीचाच आहे, हे मलाही दिसतंय. दुपारभर हेच डोक्यात घोळत होतं. आधीच्या सगळ्यांचा विचार करायचा नाही असं मी ठरवलं आहे. घरी आल्यावर भांडी घासली. आजचा दिवस माझा नव्हता, लेकीनं तशी आठवणही करून दिली. तरी घासली.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सिस्टरना विचारलं, "काल मी बरोबर केलं का?"

त्यांनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की मला वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाल्या, "मॅडम, मी हे पहिल्यांदा पाहिलं."

पुढचं विचारायचं मी टाळलं.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. पोलिसांकडून विचारणा आली होती, तपासणी अर्धवट का राहिली. साहेब रागावलेले नव्हते. उलट त्यांनी चहा मागवला. मला वाचवायचाच त्यांचा विचार होता, त्याबद्दल मला शंका नाही.

"हे बघा मॅडम, तुमच्यावर काही येऊ द्यायचं नाही. अहवालात एकच ओळ घाला: पेशंटने सहकार्य केले नाही. संपलं. तुमची खोली तुमच्याकडे, हॉस्पिटलचं नाव स्वच्छ. लिहाल ना?"

"हो," मी म्हटलं.

कप खाली ठेवला, अर्धा भरलेला अहवाल उचलला, दार उघडलं, बाहेर आले. जिन्यापर्यंत गेले आणि पहिल्याच पायरीवर थांबले. मी हो म्हटलं होतं. मला ते लिहायचं नव्हतं, ती ओळ कोर्टात वाचली गेली की त्या मुलीचं काय होईल तेही मला ठाऊक होतं. तिच्यावरच बोट ठेवतील, तूच का अडवलंस म्हणून. आणि तरी साहेबांनी विचारल्याबरोबर माझ्या तोंडातून हो गेलं होतं. दरडावलं नव्हतं, धमकी नव्हती. मऊ आवाज होता, चहा होता. मी हो कधी म्हटलं ते माझं मलाच आठवेना.

माझी मलाच लाज वाटली. जिन्यात उभ्या उभ्याच, कठड्यावर कागद ठेवून अहवाल पूर्ण केला. लिहिलं: "पेशंटला विचारले. पेशंट नको म्हणाली. तपासणी थांबवली." परत गेले आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला.

"अहो, आत्ता तर हो म्हणालात!"

"हो. तोंडातून गेलं. मला ते लिहायचं नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "विचार करा, मॅडम. यावर चौकशी होईल. चौकशी होईपर्यंत मला खोली दुसऱ्या मॅडमकडे द्यावी लागेल. एवीतेवी तुम्हालाही विश्रांती हवीच आहे. चालेल ना?"

"नाही चालणार," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. बहुतेक या खुर्चीत बसल्यापासून त्यांना हे उत्तर मिळालं नसावं. ते रागावले नाहीत. अगदी समजुतीनं म्हणाले, "मॅडम, मी विचारत नव्हतो."

"ते कळलं मला," मी म्हटलं. "तरी उत्तर दिलं."

आणि खोलीची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली.